न आलेल्या पुस्तकाचं भांडण

आमच्या जेवणाच्या टेबलावर एक बारीक खड्डा आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्या फायटरने वीस बाजूंचा पितळी फासा रागाने आपटला, त्याचा. फायटर म्हणजे बँकेत नोकरी करणारा, दर रविवारी द्वारकेहून ब्लू लाइन धरून नोएडाला येणारा गृहस्थ. एरवी इतका गरीब की मेट्रोत दुसऱ्याला जागा देऊन वर स्वतःच सॉरी म्हणेल. ज्या पुस्तकावरून तो चिडला होता, ते तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. छापून यायला अजून दोन वर्षं होती.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना समजावताना मी दरवेळी अडखळते. पट लागतोच असं नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, आणि शेवटी कुणी जिंकत नाही. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. आमच्या घरी ती मी. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. मी म्हणते, दार अर्धवट उघडं आहे, आतून ओल्या राखेचा वास येतोय, काय करता? कुणी आत डोकावतं, कुणी आधी मंत्र म्हणतं. जिथे जमेल की नाही याची खात्री नसते तिथे फासा टाकायचा. लहानपणी भातुकलीत आपण 'आता तू पाहुणी आणि मी चहा करते' म्हणायचो, तेच हे. फक्त चहा उकळला की उतू गेला हे फासा ठरवतो, आणि त्यामागे नियमांचं एक जाडजूड पुस्तक असतं. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी हा खेळ पहिल्यांदा काढला. तेव्हापासून दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येते.

नवी आवृत्ती म्हणजे नवं मुखपृष्ठ आणि दुरुस्त केलेली शुद्धलेखनं नव्हेत. तुमचा डाव चार-पाच वर्षं चालू असतो. तुमचं पात्र त्यात मोठं झालेलं असतं, त्याच्या जखमा तुम्हाला पाठ असतात. आणि कुणीतरी येऊन सांगतं की उद्यापासून अंधारात कुणाला दिसतं आणि कुणाला नाही, हे आम्ही नव्याने ठरवतोय.

2022 च्या ऑगस्टमध्ये कंपनीने तसं सांगितलं. 2014 ची पाचवी आवृत्ती आता सुधारणार, त्याआधी मसुद्याचे तुकडे बाहेर काढणार, खेळून बघा आणि मत कळवा. पहिला तुकडा आला त्याच रविवारी आम्ही तो छापून टेबलावर ठेवला, आणि त्या दिवशी खेळ झालाच नाही.

त्यात एक नियम असा होता की फाशावर वीस पडले की काम फत्ते, काहीही असो. तोवर हा मान फक्त हल्ल्याला होता. आता कुलूप उघडणं, भिंत चढणं, राजाला पटवणं, सगळ्याला. फायटर खूश. आमची क्लेरिक फरीदाबादच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, म्हणजे दर वीस माणसांतला एक माणूस उडी मारून कुतुबमिनार ओलांडणार. शिवाय दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत असेल तर शक्यता 5 टक्क्यांवरून 9.75 टक्क्यांवर जाते, तेव्हा मिनारावर गर्दीच होईल. फायटर म्हणाला, मॅडम, तुम्ही सोमवार ते शनिवार शक्यता शिकवता, मी सोमवार ते शनिवार फॉर्म तपासतो, एका दिवशी तरी बीस मतलब बीस होऊ दे. आणि फासा आपटला.

माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याच मसुद्यात लिहिलं होतं की घाव वर्मी बसण्याचा मान यापुढे फक्त खेळाडूंच्या पात्रांना. राक्षसांना नाही. मी प्रेमाने वाढवलेल्या राक्षसांचे दात एका परिच्छेदात काढून घेतले होते. आमचा विझार्ड, साकेत कोर्टातला वकील, मला शांतपणे दाखवत होता की त्याच ओळीने त्याच्या मंत्रांचेही दात गेलेत, तेव्हा आपण दोघं एका बाजूला आहोत. तीन रविवार आम्ही यावर घालवले. सप्टेंबरच्या अखेरीस दुसरा तुकडा आला, त्यात दात परत बसवलेले होते. वीसचा नियमही शेवटी पुस्तकात आलाच नाही. आम्ही तीन रविवार धुक्याशी भांडलो होतो.

या खेळात नियमांचा कीस काढणाऱ्याला रूल्स लॉयर म्हणतात, आणि आमचा तर खराच वकील. तो म्हणाला, या भागात हे नवीन आहे का? हस्तिनापूर इथून मेरठ जिल्ह्यातच. द्रौपदीने सभेत विचारलं ते काय होतं? जो आधी स्वतःला हरला त्याला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? नियमाचा प्रश्न होता, तोही डाव संपल्यावर. आणि सगळ्यात ज्येष्ठ माणसाने धर्माची गती सूक्ष्म म्हणून हात झटकले. क्लेरिक म्हणाली, तिला फासे टाकायलाही दिले नव्हते, हे विसरू नका. मग कुणी काही बोललं नाही. मी चहा टाकला.

सगळे गेल्यावर टेबलावरचा खड्डा पाहिला आणि मला भीती वाटली. फर्निचरची नव्हे. असं भांडण मी आधी एकदा केलं होतं.

मी या खेळात आले ती दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारातून. तो बाजार आता महिला हाटच्या आवारात गेला आहे, तेव्हा फुटपाथवर भरायचा. 1998-99 च्या सुमारास तिथे मला दुसऱ्या आवृत्तीचं पुस्तक मिळालं, मुखपृष्ठ नसलेलं. वाचून काही कळलं नाही, पण नकाशे होते. नॉर्थ कॅम्पसमध्ये नागपूरचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. वर्गात मराठी आम्ही दोघंच. त्याने ते पुस्तक दोन रात्रींत वाचून काढलं आणि म्हणाला, अगं, हे खेळायचं असतं. नंतर तिसरी आवृत्ती आली, मग साडेतीन म्हणतात ती आली. आम्ही पटेल चेस्टच्या गल्लीत त्यांच्या झेरॉक्स काढल्या, कारण मूळ पुस्तकं घेण्याइतके पैसे आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. कमलानगरच्या एका बरसातीत सहा वर्षं खेळलो. कॉलेज संपलं, नोकऱ्या लागल्या, माझं लग्न झालं, तरी शनिवार सुटला नाही.

त्या मुलाचं पात्र होतं नोम बार्ड. नोम म्हणजे गुडघ्याएवढी, उद्योगी, विनोदी जमात. बार्ड म्हणजे गाण्यातून जादू करणारा. त्या आवृत्तीत नोमांचा आवडता पेशाच बार्ड होता, म्हणजे पुस्तकाने जणू त्याच्यासाठीच लिहिलं होतं. लढाई ऐन भरात असताना हा उभा राहून वऱ्हाडीत गाणी रचायचा. आमच्यातल्या पंजाबी आणि बिहारी पोरांना एक अक्षर कळायचं नाही, पण नियमाप्रमाणे सगळ्यांच्या हल्ल्यात एकाची भर पडायची आणि ते प्रामाणिकपणे ती मोजायचे.

2007 च्या ऑगस्टमध्ये चौथी आवृत्ती येणार असं जाहीर झालं. हिवाळ्यापर्यंत आत काय असेल ते कळायला लागलं. नोम नव्हता. बार्डही नव्हता. मी नव्याच्या बाजूची होते. जुने नियम किचकट झाले होते, आठव्या पातळीनंतर फायटरला काही कामच उरत नसे, आणि माझं पात्र फायटर होतं. मी मुद्दे मांडले, चांगले मुद्दे मांडले. तो म्हणाला, तुझं काय जातं? तुझ्या फायटरला कोण काढणार? मी म्हणाले, पात्र बदल, त्यात काय एवढं. आणि पुढे म्हणाले, नाहीतर येऊ नकोस. मला सहावा महिना चालू होता, पाठ दुखत होती, ही कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली. तो आला नाही. त्या वर्षी तो नागपूरला परत गेला.

चौथी आवृत्ती 6 जून 2008 ला आली. तेव्हा माझी लेक तीन आठवड्यांची होती. मी ते पुस्तक आजवर नीट वाचलेलं नाही. पुढच्या वर्षी त्या आवृत्तीचा दुसरा भाग निघाला, त्यात नोम परत आला होता, बार्डही. ही बातमी त्याला कळवावी असं तेव्हा वाटलं होतं. त्याचा नंबर माझ्याकडे होता.

आता लेकीकडे येते, कारण त्या मसुद्यातला खरा घोटाळा फासा आणि दातांपाशी नव्हताच. तो आमच्या लक्षात उशिरा आला.

लेक 2020 च्या टाळेबंदीत खेळायला लागली, बारा वर्षांची असताना. शाळा स्क्रीनवर, मैत्रिणी स्क्रीनवर, म्हणून मी जुना खेळ काढला. आधी ती आणि मी, मग आमचे आताचे खेळगडी. तिने पात्र केलं हाफ-एल्फ, पेशाने चोर. आई एल्फ, बाप माणूस. हे तिने न विचारता ठरवलं. तिचा बाप, म्हणजे माझा नवरा, राजेंद्रनगरचा पंजाबी. त्याचे आजी-आजोबा फाळणीत रावळपिंडीकडून आले. मी सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली मराठी. घरात हिंदी चालते, सासूबाईंशी पंजाबी, आणि मी लेकीशी मराठी बोलते, ती तिला नीट येते आणि वेळप्रसंगी येत नाही. खेळताना ती चुकीच्या दाराला हात घालू लागली की माझ्या तोंडून निघून जातं, 'अगं, जरा दमानं.' डन्जन मास्टरने असं करू नये. एकदा वकिलाने हरकत घेतली. फायटर म्हणाला, जाऊ दे यार, माँ-बेटी की एल्विश चल रही है. तेव्हापासून आमच्या टेबलावर मराठीला एल्विश म्हणतात.

2014 च्या पुस्तकात हाफ-एल्फचं स्वतःचं पान आहे. त्याला अंधारात दिसतं, त्याच्यावर निद्रामंत्र चालत नाही, दोन कौशल्यं जास्तीची मिळतात, आणि तीन भाषा येतात: सगळ्यांची कॉमन, आईबापांपैकी एकाची एल्विश आणि तिसरी आवडेल ती. तो दोन्हीकडचा असतो आणि दोन्हीकडे जरा परका, असंही तिथे सुचवलेलं आहे. बारा वर्षांच्या मुलीने त्या पानावर पेन्सिलीने चांदण्या काढल्या होत्या.

नव्या मसुद्यात ते पान नव्हतं. त्याऐवजी एक चौकट होती. आईवडील वेगवेगळ्या जमातींचे असतील तर रूप दोघांचं मिसळून घ्या, हवं तसं. गुण मात्र दोघांपैकी एकाचे निवडा.

याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी प्रामाणिकपणे मांडते. 2014 च्या पुस्तकात फक्त माणूस-एल्फ आणि माणूस-ऑर्क एवढेच संकर होते, आता बुटका आणि नोम यांचंही मूल होऊ शकतं. शिवाय 'हाफ' हा शब्दच अनेकांना खुपतो. ज्यांना आयुष्यभर कुणी अर्धं म्हणून हिणवलंय, त्यांनी खेळातही तो शब्द कपाळावर का वागवावा? क्लेरिकने हे फार नीट मांडलं. आधा कौन होता है, ती म्हणाली, माझ्या वर्गातलं एकही मूल अर्धं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात 'रेस' हा शब्दही काढून 'स्पीशीज' आणणार असं जाहीर झालं, आणि त्याबद्दल आमच्यात कुणाचीच तक्रार नव्हती. वकिलाने टॉल्किन काढला. हाफ-एल्फ आपल्या खेळात 1975 पासून आहे, पण मूळ टॉल्किनकडे बघा, तिथेही एल्रॉन्ड आणि एल्रॉस या सख्ख्या भावांना निवडावंच लागलं. एक एल्फ झाला, दुसरा माणूस झाला आणि मेला. निवड ही जुनीच अट आहे. फायटर म्हणाला, घटोत्कचाला कुणी विचारलं होतं का? त्याच्याकडे दोन्ही होतं, भीमाची ताकद आणि हिडिंबेची माया.

लेक काही बोलली नव्हती. मी डन्जन मास्टर, वेळ सहाची झालेली, मला प्रश्न मिटवायचा होता. मी म्हणाले, 'एक निवड ना. आकड्यांचाच तर प्रश्न आहे. एल्फ घे, अंधारात दिसणं तसंच राहतं.'

ती म्हणाली, 'म्हणजे दिसायचं दोघांसारखं आणि असायचं एकासारखं?'

ती हे मराठीत म्हणाली, पण त्या दिवशी एल्विशचा विनोद कुणी केला नाही. पुढचा रविवार ती खोलीतून बाहेर आली नाही. त्याच्या पुढचाही. अभ्यास आहे म्हणाली. नववीत असतोच.

आणि मला 2011 चा फेब्रुवारी आठवला. तेव्हा आम्ही राजेंद्रनगरला सासरी राहत होतो. जनगणनेचे मास्तर दारात आले. सासूबाई त्यांना बसवून सगळ्यांची नावं, वयं सांगत होत्या. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. मातृभाषेचा रकाना आला. सासूबाई म्हणाल्या, सबकी पंजाबी. मी आतून म्हणाले, मेरी मराठी. त्यांनी लिहिलं. मग त्यांनी विचारलं, और बच्ची की? बच्ची पावणेतीन वर्षांची होती आणि त्यांच्या पिशवीत हात घालत होती. सासूबाई म्हणाल्या, और क्या, पंजाबी. क्षणभर ते थांबले. मला ते थांबणं ऐकू आलं. मग पेन चाललं.

जनगणनेच्या व्याख्येत मातृभाषा म्हणजे माणसाच्या लहानपणी त्याची आई त्याच्याशी जी बोलली ती, हे मी पुढे वाचलं. म्हणजे नियम माझ्या बाजूने होता. त्या रकान्यात एकच भाषा मावते हेही खरं. इतर येणाऱ्या भाषांसाठी शेजारी आणखी दोन जागा असतात, पण त्या 'इतर'.

तिसऱ्या रविवारी, खेळ सुरू व्हायच्या आधी, मी तिच्या खोलीत जाऊन हे सांगितलं. का सांगितलं ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. बहुधा डन्जन मास्टर म्हणून चुकलेल्या निर्णयाची कबुली द्यायची होती आणि ती भलतीकडून सुरू झाली. आधी ती खूप हसली. म्हणजे सरकारदरबारी मी पूर्ण पंजाबी? दादी जिंकली? मग म्हणाली, 'तू का नाही बोललीस?'

'हाताला कणीक होती,' मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. भांडायची हिंमत नव्हती असं म्हणावं तर तीनच वर्षांपूर्वी एका नोमावरून मी सहा वर्षांची मैत्री मोडली होती. हिंमत होती. ती कुठे खर्च करायची ते कळत नव्हतं. तिला मी नोमाचीही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, 'पण तो परत आला ना पुस्तकात?' मी म्हणाले, आला. 'आणि तुझा मित्र?' बाहेर बेल वाजली, फायटर आला होता, वेळेच्या दहा मिनिटं आधी, नेहमीसारखा.

त्या दिवशी मी टेबलावर जाहीर केलं की पुस्तक काहीही येवो, या घरात हाफ-एल्फचं पान राहील. वकिलाने विचारलं, अधिकार कोणता? मी म्हणाले, डन्जन मास्टरचा. हा अधिकार पहिल्यापासून आहे. प्रत्येक आवृत्तीत कुठे ना कुठे सांगितलेलं असतं की टेबलाचा नियम टेबलाने ठरवावा. मग एवढं भांडलो कशाला, असं कुणीही विचारेल. पण नवऱ्याने हा प्रश्न जेवताना विचारला तेव्हा लेकच म्हणाली की घरात चालतं आणि पुस्तकात असतं, यात फरक आहे. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या टेबलावर मी एकटी गेले तर तिथे तुझी आई थोडीच असणार?

मसुद्यावरची मतपत्रिका तिने स्वतः भरली. शेवटी मोकळी जागा होती, तिथे तासभर टाइप करत होती. मला वाचू दिलं नाही.

2023 च्या जानेवारीत वेगळंच वादळ आलं. हा खेळ वापरून इतरांनाही पुस्तकं काढता यावीत म्हणून 2000 साली दिलेला खुला परवाना कंपनी बदलू पाहत होती, त्याचा मसुदा फुटला आणि जगभर गदारोळ झाला. आमचा वकील महिनाभर सुखात होता. 27 जानेवारीला कंपनीने माघार घेऊन मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे केले. हे महत्त्वाचं होतं, पण आमच्या टेबलावर त्यावरून कुणाचा आवाज चढला नाही. सगळे एकाच बाजूला असले की भांडणात मजा नसते.

पुस्तक 17 सप्टेंबर 2024 ला आलं. 384 पानं. आमच्यापर्यंत पोचायला आणखी काही आठवडे गेले. सगळ्यांनी वर्गणी काढून एकच प्रत घेतली होती. क्लेरिकने मंडी हाउसला गाडी बदलताना ती पिशवी छातीशी धरून आणली. वकिलाने जमाती मोजल्या. दहा. आसिमार, ड्रॅगनबॉर्न, बुटके, एल्फ, नोम, गोलायथ, हाफलिंग, माणूस, ऑर्क, टीफलिंग. नोम होता. मी ते पान जरा जास्त वेळ बघितलं असणार, कारण लेकीने माझ्या हातून पुस्तक काढून घेतलं. हाफ-एल्फ नव्हता. जुन्या पुस्तकातला वापरायला मनाई नाही, एवढंच. सगळे तिच्याकडे बघायला लागले आणि ती वैतागली. 'मला माहीत होतं,' ती म्हणाली. 'दोन वर्षं झाली. बघू नका असे.' सोळा वर्षांची झाली होती ती. 2021 ची जनगणना अजून झाली नव्हती. ती पुढे 2027 वर गेली. तेव्हा मास्तर आले तर दार मी उघडणार, असं तिने मला बजावून ठेवलं आहे. रकान्यात काय सांगणार ते विचारलं तर म्हणते, आधी रकाने किती आहेत ते बघू.

त्या संध्याकाळी आम्ही जुनीच गोष्ट पुढे चालवली, जिथे थांबली होती तिथून: बुडालेलं देऊळ, तळघर, दगडी दार. नव्या पुस्तकातले नियम एकेक करून घ्यायचे की टाकायचे हे ठरत होतं. फायटर पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसला होता. एकदम म्हणाला, हे ऐका. आता भाषा जमातीवर नाहीत. प्रत्येकाला कॉमन आणि वर आणखी दोन, यादीतून. प्रत्येकाला. वकिलाने पान तपासलं आणि मान हलवली. क्लेरिक म्हणाली, हा चांगला आहे, हा घ्या. घेतला. फायटरने खिशातून पेन काढून आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

लेकीची चोर पुढे सरकली. दगडी दाराच्या उंबऱ्याला एक फरशी सैल होती, तिच्या लक्षात आलेलं नव्हतं. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले, 'अगं, पायाखाली बघ.'

फायटरने हात वर केला. 'दीदी, एक मिनट,' तो म्हणाला, आणि आपला कागद माझ्यापुढे सरकवला. भाषांच्या ओळीत कॉमनच्या पुढे त्याने लिहिलं होतं: एल्विश. 'अब मुझे भी समझ में आना चाहिए.'

मी वकिलाकडे बघितलं. तो म्हणाला, नियमाने त्याचं बरोबर आहे.

'पायाखाली बघ,' लेकीने त्याला हळूहळू, एकेक शब्द तोडून सांगितलं. 'पा-या-खाली.'

'पायाखली,' फायटर म्हणाला.

'खाली.'

'खाली,' तो म्हणाला, आणि टेबलाखाली वाकून बघायला लागला.